टर्बो थंड होईपर्यंत

गोंदियाजवळच्या फुलचूरच्या डोमनलाल पटल्यांनी २०१२ साली टर्बो इंजिनाची जुनी ऑक्टाव्हिया घेतली. वाऱ्यासारख्या धावणाऱ्या त्या दुर्मीळ गाडीबद्दल गोंदियाने एकच विचारले, "अ‍ॅव्हरेज किती देते?"

पोहोचल्यावर टर्बो थंड व्हावा म्हणून ते मिनिटभर इंजिन चालू ठेवून आत बसत. शेजारी हसत, "काकाजी, दार अटकलं का?"

मुलीच्या, रविताच्या लग्नात त्यांनी गाडी तिलाच दिली. सासरी गाडीचे हाल होतील, ही एकच धास्ती. रविता स्वतः चालवत गेली. नवरदेव शेजारी बसला.

संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. "दारात आरती घेऊन उभी मी, अन् सूनबाई गाडीतच बसून राहिली! काऊन, तर म्हणे टर्बो थंडा होऊन राहिला."

डोमनलालांनी रीतसर माफी मागितली. मग ही तक्रार त्यांनी फुलचूरभर घरोघरी जाऊन ऐकवली.