दोंडाईच्याची फाइल कोण वाचत होतं?

खरं सांगायचं तर या सदरातले अनुभव मी वाचते ते बहुतेक वेळा चुका काढायलाच. वाऱ्याने दार वाजलं असेल, झोपेत भास झाला असेल, सांगणाऱ्याने थोडं तिखटमीठ लावलं असेल... असं माझं मनातल्या मनात चालू असतं. माझी शाळा धुळ्याच्या कॉन्व्हेंटमधली, नंतर कॉम्प्युटरचा कोर्स, घरी वडील सायन्सचे शिक्षक. अंगात येणं, नजर लागणं हे विषय आमच्याकडे निघतच नसत. त्यामुळे हे लिहायला बसले तरी संकोच वाटतोय. शिवाय यात ना अमावस्या आहे, ना पिंपळ. भर दुपारी, पंख्याखाली, ऑफिसात घडलेली गोष्ट आहे.

चार-पाच वर्षांपूर्वी मी जळगावला आत्याकडे राहून एका छोट्या संस्थेत नोकरी करत होते. ही संस्था पोलिओ झालेल्या मुलांसाठी कॅलिपर बनवायची. म्हणजे पायाला आधार देणाऱ्या धातूच्या पट्ट्या, चामड्याचे बंद आणि खाली बूट. गावोगाव शिबिरं व्हायची, तिथे मुलांच्या पायांची मापं घ्यायची, आणि त्या मापांवरून तळमजल्यावरच्या वर्कशॉपमध्ये काम चालायचं. आमचं ऑफिस वरच्या मजल्यावर. शेजारी डाळ मिल होती, त्यामुळे टेबलावर, कीबोर्डवर, चहाच्या बशीत कायम पिवळट भुकटी.

ऑफिसात आम्ही तिघंच. खैरनार सर सगळं बघायचे, रेहाना मापं टाइप करायची आणि मी प्रोग्रॅम लिहायचे. रेहाना जळगावचीच, जुन्या गावातली, बोलण्यात फटकळ. मला ती मौनीबाई म्हणायची. "मौनीबाई आज दोन वाक्यं बोलली, पेढे वाटा," असं सरांसमोर म्हणायची आणि मी आणखीच गप्प व्हायचे. एक कॉम्प्युटर होता आणि त्याला वायरने जोडलेले दोन टर्मिनल, म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड, एक तिचा, एक माझा. तिसरा टर्मिनल वर्कशॉपसाठी घेतला होता. पण धातूच्या किसाने त्याचा कीबोर्ड खराब झाला, म्हणून त्याची वायर काढून तो जुन्या टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवला होता. हे लक्षात असू द्या.

आता थोडं माझ्या कामाबद्दल सांगावं लागेल. प्रत्येक शिबिराची एक वेगळी फाइल असे. खालून कुणी एखाद्या मुलाचं माप विचारलं की प्रोग्रॅम त्या शिबिराची फाइल उघडायचा, माप वाचायचा, फाइल बंद करायचा. पुढच्या मुलासाठी पुन्हा उघडायची, पुन्हा बंद. मशीन इतकं सावकाश चालायचं की तेवढ्यात रेहानाचा अर्धा चहा संपायचा. म्हणून मी एक लायब्ररी लिहिली. लायब्ररी म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमना वापरता येईल असा कामाचा संच. त्यातली युक्ती एवढीच की एकदा उघडलेली फाइल लगेच बंद करायची नाही, उघडीच धरून ठेवायची, कारण बहुधा ती पुन्हा लागतेच. पण सगळ्याच धरून ठेवता येत नाहीत. मी आठ ठेवल्या होत्या. नववी लागली की त्या आठांतली जी सगळ्यात जास्त वेळ कुणी विचारली नसेल, ती बंद. ओट्यावर रोजचे डबे हाताशी राहतात आणि ज्याला कोणी हात लावत नाही तो फडताळात जातो, तसंच. हे नीट चालतंय ना ते कळावं म्हणून मी एक तक्ताही केला होता. कुठली फाइल उघडी आहे, कुठल्या टर्मिनलने मागितली, शेवटी कितव्या मुलाचं माप वाचलं, हे त्यात दिसायचं.

मार्च महिना होता. डिस्क भरत आली होती, म्हणून सरांनी रेहानाला झालेल्या शिबिरांच्या फाइली फ्लॉपीवर घेऊन खोडायला सांगितलं. तिने सकाळी मशीन सुरू झाल्यावर तासाभरात ते उरकलं. ज्या फाइलींना बरेच दिवस कुणी हात लावलेला नाही त्या झालेल्या, असं तिने धरलं. चुकीचं काही नव्हतं त्यात, मीही तेच केलं असतं.

जेवणाची सुट्टी संपली आणि सर खालून वर आले. खुशीत होते. अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आल्या होत्या, कुणीतरी देणगी म्हणून पाठवलेल्या. ते म्हणाले, उद्यापासून दोंडाईचा घ्यायचं.

रेहानाचा चेहरा मी बाजूने पाहिला. दोंडाईच्याचं शिबिर दिवाळीनंतर झालं होतं, पण सामान नाही म्हणून काम अडलं होतं. तीन-चार महिन्यांत त्या फाइलीचं कुणी नाव काढलं नव्हतं. ती सकाळीच खोडली गेली होती.

सकाळी भरलेली फ्लॉपी घातली तर वाचता येईना, जुनीच वापरली होती आणि तिला बुरशी धरली होती. मापं घेताना पायांचे आकार खाकी कागदावर काढलेले असतात, त्यांचं बंडल काढलं तर वाळवीने आतून पोखरलेलं. सर खुर्चीवर बसले. चिडले नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं. ते हळूच म्हणाले की या पट्ट्या थांबत नाहीत, पुढच्या शिबिराला जातील, आणि दोंडाईच्याची पोरं पुढच्या वर्षावर जातील. डॉक्टरांनी तर मापं घेतानाच सांगितलं होतं की आणखी उशीर झाला तर काहींचे गुडघे आखडतील, मग कॅलिपर चढणारच नाही.

रेहाना मला म्हणाली, "मौनीबाई, तुझ्या त्या आठात बघ ना."

आमच्या सिस्टिमचा एक गुण होता. फाइल खोडली तरी ती कुणी उघडून धरलेली असेल, तर आतला मजकूर लगेच जात नाही. नाव जातं, मजकूर राहतो, धरणाऱ्याने सोडलं की मग जातो. हे पुस्तकात लिहिलेलं आहे, त्यात गूढ काही नाही. पण त्यासाठी ती त्या दिवशी सकाळी, खोडायच्या आधी, कुणीतरी उघडलेली असायला हवी होती. आणि नंतरही विचारत राहायला हवी होती, कारण दुपारपर्यंत आम्ही कितीतरी गावांच्या फाइली चाळल्या होत्या. आठांत ती टिकणं शक्यच नव्हतं. मी तिला हे सांगितलं नाही. तिचं समाधान व्हावं म्हणून तक्ता काढला.

दोंडाईचा सगळ्यात वर होतं. सगळ्यात वर म्हणजे सगळ्यात अलीकडे वाचलेलं. टर्मिनलच्या रकान्यात लिहिलं होतं — तीन.

मी उठून कपाट उघडलं. टर्मिनल टॉवेलात होता, टॉवेलावर डाळीची भुकटी जशीच्या तशी.

परत येऊन तक्ता पुन्हा काढला. मघाशी वाचलेलं मूल चौथं होतं, आता सहावं. पुन्हा काढला, सातवं. रेहाना माझ्या खांद्यामागे उभी होती. तिने विचारलं, "तू वाचतेयस?" मी मान हलवली. नाही. सर म्हणाले, "अगं मग कोण?"

कॉम्प्युटर वाचतो तेव्हा सगळी मुलं पापणी लवायच्या आत होतात. हे तसं नव्हतं. एकेका मुलावर एक श्वास, मग पुढचं. कुणीतरी हजेरी घ्यावी तसं. शेवटच्या मुलापर्यंत आकडा गेला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. आणि दर फेरीत तो अकराव्या मुलावर जास्त थांबायचा. मला नको तेव्हा शाळा आठवली. हजेरीला माझं 'प्रेझेंट मिस' कधीच ऐकू जायचं नाही. मिस थांबायच्या, डोकं वर करून मी दिसतेय का बघायच्या, मग पुढचं नाव घ्यायच्या. अगदी तेवढंच थांबणं.

घाबरले का? माहीत नाही. गोंधळले होते, आणि त्याहून जास्त घाई होती, कारण वीज कधीही जाऊ शकत होती आणि आमचा यूपीएस नावालाच होता. मी लायब्ररीकडूनच एकेक मूल मागून नव्या फाइलीत उतरवलं. कुणीतरी वाचत होतंच, त्याच्या मधेमधे मीही वाचलं. सगळी मुलं आली. रेहानाने सगळी मापं कागदावर छापून घेतली आणि मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ तोंड धूत बसली. अकराव्या मुलाचं नाव मी पाहून ठेवलं. वंदना. वय सात, डावा पाय.

संध्याकाळी मशीन बंद करायची वेळ झाली. तक्ता काढला तर ते अजून चालूच होतं. बंद करायचं बटण माझ्या हाताशी होतं आणि मला ते दाबवेना. आकडा मध्यावर होता. मी थांबले. अकराव्यावर तोही थांबला, मग पुढे गेला. शेवटचं मूल झाल्यावर मी मशीन बंद केलं. सर दारात किल्ल्या घेऊन उभे होते.

दुसऱ्या दिवसापासून तसं काही दिसलं नाही. मी कित्येक आठवडे रोज बघत होते.

कॅलिपर तयार झाल्यावर वाटपाला आम्ही दोंडाईच्याला गेलो. मी एरवी जायचे नाही, माणसांत मला सुचत नाही. या वेळी आपण होऊन विचारलं, तेव्हा सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. तिथे एका शाळेच्या पडवीत मुलं ओळीने बाकांवर बसवली होती. आसपासच्या वाड्यांतली बरीचशी मुलं एकच बाई घेऊन आली होती. लीलाअक्का. अंगणवाडीत मदतनीस होती. शिबिरालाही तीच घेऊन आली होती म्हणे, कारण आईबाप कामावर, आणि मुलागणिक एका माणसाचा रोज बुडवणं कुणाला परवडणारं नव्हतं. घरोघर जाऊन तिने सांगितलं होतं, मी नेते, मी आणते.

बूट चढवून झाले. कुणी रडलं, कुणी भिंत धरून चाललं, एक मुलगी चक्क पळायला बघत होती. परतायची वेळ झाली तेव्हा अक्का ओळीसमोर उभी राहिली आणि बोट पुढे करून मोजायला लागली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. एका मुलावर एक श्वास, मग पुढचं.

मी खांबाला टेकून उभी होते. तो वेग मी पाहिला होता.

एका बारीक मुलीपाशी बोट थांबलं. मुलगी खाली बघत होती. अक्का थांबली, मुलीने मान वर केली, मग बोट पुढे सरकलं. मी सरांना त्या मुलीचं नाव विचारलं. त्यांनी कागदात पाहून सांगितलं — वंदना.

नंतर धीर करून मी अक्काला विचारलं की एवढी नावं न लिहिता कशी लक्षात राहतात. ती अहिराणीत बोलली. मला समजते, बोलता येत नाही. "रोज दिवाबत्तीले बठ्ठास्ना नाव लेस मी," ती म्हणाली. "मापं देईसन इतला दिन व्हयनात. नाव लेनं सोडी दिधं ते मानूस मांगे राही जास." म्हणजे रोज दिवे लावताना ती सगळ्यांची नावं घेते, मापं देऊन इतके दिवस झाले, आणि नाव घ्यायचं सोडलं की माणूस मागे राहून जातं.

मी विचारलं, वंदनापाशी का थांबलात?

"ती बोलस नई. तिना तोंडकडे देखनं पडस."

मग तिने माझ्याकडे निरखून पाहिलं, तसंच थांबून. "तू बी बोलस नई का वं, पोरी? जेवनी का?"

मी मान हलवली. तिने पदराच्या गाठीतून शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवले.

यापलीकडे माझ्याकडे काही नाही. पुण्यात आता माझ्यापेक्षा हुशार लोकांबरोबर काम करते, त्यातल्या दोघांना विचारलं. त्यांचं म्हणणं, लायब्ररीत चूक असणार, मेमरीतला कचरा टर्मिनल तीन म्हणून दिसला असेल. असेल. कचऱ्याने आकडा चुकीचा दाखवणं मला पटतं. कचरा मुलं क्रमाने कशी मोजेल, ते कळत नाही. अक्काचं म्हणाल, तर तिने कॉम्प्युटर कधी पाहिलेला नव्हता. आणि ती नावं घेते दिवाबत्तीला, आमच्याकडे वाचणं चाललं होतं सकाळपासून दिवसभर. ते जुळत नाही. तीन नंबरचा टर्मिनल जुळत नाही. मुळात तिचा आणि आमच्या मशीनचा संबंधच जुळत नाही.

वंदनापाशी थांबणं तेवढं जुळतं.