घोडीचा निवाडा

सर्व संबंधितांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या शेजारच्या टांगेवाल्याच्या घरात काय खावे, हे त्याची घोडी ठरवीत असे. काकडी आणो की केळे, पहिला तुकडा तिच्या तोंडापुढे. तिने मान फिरवली की वस्तू थेट उकिरड्यावर.

बायकोला दिवस गेले आणि तिच्या पोटात पेजसुद्धा टिकेना. हा हवालदिल झाला. तशात कॅम्पातल्या एका मडमेने त्याला विलायतेचे चेस्टनट दिले, दिसायला फणसाच्या आठळ्यांसारखे. घोडीने हुंगले आणि मान फिरवली.

"अरे, मडम खाते की," मी म्हणालो.

"मडम काय बी खाती, आण्णा. घोडी न्हाय खात."

तो टांगा सोडेपर्यंत बायकोने त्यांना चिरा दिल्या, आठळ्यांसारखे चुलीत भाजले आणि मूठभर खाल्लेसुद्धा. हा घाबरून दिवे लागेपर्यंत तिच्यासमोर बसून राहिला. काहीच उलटून पडले नाही. उलट तिच्या चेहऱ्यावर तरतरी आली.

"पर घोडीनं तर..." तो पुटपुटला.

"माझ्याशी लगीन करताना घोडीला इचारलं हुतं काय? हिकडं बसा, अन् आणखी भाजा."