यांच्या लूमचा चुकलेला ठोका

ज्यांना हसायचंय त्यांनी आधीच हसून घ्या, नंतर माझं डोकं फिरवू नका. नजर, उतारा, बाहेरचं... आमच्या लिंबायत वस्तीत गल्लोगल्ली हे काढून देणारे बसलेत, आणि मी एकालाही कधी दारात उभं केलेलं नाही. तरी हे घडलंय. नवऱ्याच्या जिवावर बेतलं होतं म्हणून लिहितेय.

आमचे हे नवागामच्या एका कापड कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचे. माझे जेठ, म्हणजे यांचे मोठे भाऊ, शेजारच्याच लूमवर. गेल्या वर्षी यांची छाती धडधडायला लागली, डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टरांनी हृदयाची पट्टी काढली, तर ठोके वेडेवाकडे. तीन गोळ्या दिल्या — एक ठोक्यांचा वेग आवरायला, एक लय धरून ठेवायला, एक रक्ताची गाठ होऊ नये म्हणून. बजावलं, की बरं वाटलं तरी मनाने बंद करायच्या नाहीत. थोड्याच दिवसांत छातीला कान लावला की ठोके सरळ ऐकू यायला लागले. माझा जीव भांड्यात पडला.

पण आमचे जेठ! कारखान्यात रीत अशी, की लूम नीट चालत असेल तर त्याला पाना लावायचा नाही. त्यांनी ती रीत भावाच्या छातीला लावली. "चालू मशीनले कोनी हात लावस का?" म्हणाले. झालं, आमच्या शहाण्या नवऱ्याने गुपचूप तिन्ही गोळ्या बंद केल्या. माझ्यासमोर नुसतं पाणी प्यायचे, गोळ्या खिशात. आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

आणि मग यांचा लूम चुकायला लागला. दोन ठोके पटपट, एक गायब, मग नुसतीच धांदल. दोरा तुटलेला नाही, पट्टा सैल नाही. लूम दुरुस्त करणाऱ्या मास्टरने सगळं उघडून बघितलं, शिव्या घातल्या, आणि स्वतः चालवला तर एकदम सरळ! यांनी हात लावला की पुन्हा तेच. शेठने कामचोर ठरवलं. जेठही चारचौघांत हसले.

मी डबा द्यायला गेले तेव्हा ऐकलं. बाकीचे लूम आपापल्या चालीत खटखटत होते, आणि यांचा... ही चाल माझ्या ओळखीची होती. गोळ्या सुरू होण्याआधी यांच्या छातीत हेच ऐकू यायचं. मी लूम बंद करायला लावला आणि सगळ्यांदेखत यांच्या छातीवर कान ठेवला. आत तेच चाललेलं. खिशात हात घातला तर घामाने चिकटलेल्या गोळ्या.

आमच्यात जेठासमोर डोक्यावरचा पदर ढळत नाही. त्या दिवशी तो पडला, आणि मी उचलला नाही.

"तमाशा घरी कर," जेठ म्हणाले.

"हे घरी आले तर करीन," मी म्हणाले, आणि यांना रिक्षात घातलं.

दवाखान्यात बोलणी मीच खाल्ली. डॉक्टर म्हणाले, गाठ होऊन मेंदूत गेली असती तर अंगाची एक बाजू गेली असती. सुईने आधी वेग उतरवला, हृदयात गाठ नाही ना ते तपासलं, मग लयीचं औषध सलाईनमधून थेंबथेंब. मशीनवरची रेघ सरळ चालायला लागेपर्यंत मी बाकावर बसून जेठांना मनातल्या मनात काय काय म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता हे सचिन गावातल्या दुसऱ्या कारखान्यात हलकं काम करतात. गोळी घेतली की मी तोंड उघडायला लावून बघते, चिडले तर चिडू देत.

यांचा लूम जेठांनी घेतला. बरेच दिवस छान चालला. मग पुन्हा चुकायला लागला... मास्टरच्या हाताखाली सरळ, जेठांच्या हाताखाली वेडावाकडा. लोखंडाला माणसाच्या आतलं कसं कळतं? मला सांगता येत नाही. ज्याला येत असेल त्याने सांगावं, पण "भास" म्हणून मोकळं होऊ नये. मास्टरला काय भास झाला?

त्या दिवसापासून जेठ माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. परवा दारात आले. नजर खाली, हात छातीवर.

"तो डॉक्टर कोठे बसस?"

ओठांवर पुष्कळ काही आलं होतं. सगळं गिळलं. डोक्यावर पदर घेतला, चपला घातल्या आणि रिक्षाला हात केला.