पिक्चरचं नाटक, दाजींचं नाक

कापूस विकायला जालन्याला गेलेले आबा, म्हणजे माझे वडील, इंग्रजी पिक्चर बघून आले. बोलण्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं, पण पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट समजावणारा माणूस म्हणाला, हे मूळचं नाटक. आबांनी तिथंच ठरवलं: नाटकाचं पिक्चर झालं, मंग पिक्चरचं पुन्हा नाटक करू, आष्टीच्या जत्रेत.

गोष्ट सोपी होती. भांडखोर बायको श्रीमंत नवऱ्याच्या थोबाडीत मारते, लोक हसतात. साहेबाची हॅट आबांनी फेट्यावर आणली, पियानो पेटीवर. बायको मी, विशी गाठली तरी मला मिशी काही फुटत नव्हती. नवरा झाले दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कोट त्यांच्याकडंच होता, शिवाय जावयाला नको कोण म्हणणार?

बहीण महिन्याभरापासून आमच्याकडं होती, मनगट सुजवून आलेली. जत्रा झाली की दाजी तिला परत नेणार होते. ती म्हणायची, "आबा, मला धाडू नका." आबा म्हणायचे, "नांदावं लागतं, बाई."

जावयावर हात उचलायचा नसतो, नाटकातही. म्हणून ठरलं की मी हवेत हात फिरवायचा आणि आवाज ढोलकीवाल्यानं काढायचा. खेळाआधी मी लुगडं सावरत दाजींच्या पाया पडून माफी मागितली.

"मार की," दाजी हसले, "तुमच्या घरात कुणाला तरी जमू दे."

रझाकारांच्या धास्तीनं अंधार पडल्यावर कुणी बाहेर थांबत नसे, म्हणून खेळ दुपारीच लागला. पहिली थप्पड झकास झाली. ढोलकी वाजली, लोक हसले. तेवढ्यात दाजींनी, नाटकात नसताना, माझं मनगट धरून पिरगाळलं आणि हळूच म्हणाले, "तुझी बहीण इथंच वरडती."

पुढची थप्पड ढोलकीच्या आधी वाजली. त्याच्या पुढची नाकावर बसली. दाजींनी लाथ घातली. मी आडवा, टोप एकीकडं, पुढचा दात दुसरीकडं. मी त्यांची पोटरी धरून कडकडून चावलो. लुगड्यातल्या वीराला दुसरं हत्यार कुठलं? कोटावर रक्त, माझ्या तोंडात माती, आणि लोक शिट्ट्या मारून राह्यले. पडद्यामागून आबा ओरडत होते, "हसा रे! इथं हसायचंय!"

चौघांनी आम्हाला सोडवलं. दाजी नाक धरून गरजले, "जावयावर हात? न्हाई नेत हिला! बिलकुल न्हाई! ठेवा घरात!"

आबा पडद्यामागून धावत आले. डोक्यावरचं पागोटं काढून दाजींच्या पायावर ठेवायला वाकले. तोवर बायकांच्या बाजूनं बहीण उठून आली. तिनं ते पागोटं त्यांच्या हातातून घेतलं आणि पुन्हा त्यांच्या डोक्यावर ठेवलं.

"साऱ्या गावासमोर सांगितलंय त्यांनी, आबा. बराबर सांगितलंय."

आबा बराच वेळ तिच्या मनगटाकडं बघत राहिले. दाजी गाडी जुंपायला निघून गेले. पिक्चरात म्हणे शेवटी नवरा-बायको एक होतात. ते बघायला लोक जागचे हलेनात. आबा पुढं झाले.

"उठा आता," म्हणाले. "आमच्यात हे इथंच संपतं."