भाऊच्या धक्क्यावरची फोनोची पेटी

रेवस बंदराजवळच्या कोळीवाड्यातली ती फोनोची पेटी इतक्या वर्षांनंतरही माझ्या मनातून जात नाही. मी नवा फौजदार होतो. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. गावच्या मास्तरांनी आणि वसतिगृहाने पोसले म्हणून बी. ए. झालो आणि या खुर्चीवर बसलो. ही जाणीव मला कामात नेहमी सोबत करी.

फिर्यादी एक तांडेल, म्हणजे मासेमारीच्या मचव्याचा म्होरक्या होता. दोरात सापडून त्याचा उजवा हात निकामी झाला होता. दर्यावर जाणे संपले, म्हणून मचव्यातला आपला वाटा विकून त्याने जुना, कर्ण्याचा फोनो आणि तबकड्या घ्यायचे ठरवले. लग्नसराईत भाड्याने देऊन घर चालवायचा विचार होता. विकणारा मुंबईचा, वर्तमानपत्रातली जाहिरात शाळामास्तरांनी वाचून दाखवली होती. तांडेल सावध माणूस. व्ही. पी.ने मागवले तर आधी पोस्टात पैसे भरायचे आणि मग पेटी उघडायची, हे त्याला पटेना. त्याने मेव्हण्याला, बायकोच्या भावाला, पैसे देऊन मुंबईला धाडले आणि बजावले, "वाजताना ऐकल्याबिगर दमडी देव नको."

मेव्हणा पेटी घेऊन आला. सगळ्या वाड्यासमोर ती उघडली, तर आत काथ्यात गुंडाळलेले दगड.

पंचनामा झाला. संशय अर्थातच मेव्हण्यावर गेला. जमातीच्या पंचांनी बहिणीच्या घराचा उंबरठा त्याला बंद केला. चोरी शाबीत झाली असती, तर तो वाड्यातूनच उठला असता. तशात बंदरावरून खबर आली की तो बोचके घेऊन मुंबईच्या बोटीची वाट पाहत आहे. आम्ही त्याला रेवसच्या धक्क्यावरच ताब्यात घेतले.

"पळत होतास?" जमादारांनी दरडावले.

"पलून जायाचं आसतं तं दिवसाढवल्या बोटीनं गेलो आसतो? त्या भाड्याला हुडकायला चाल्लो व्हतो!"

जमादारांना त्याला चांगला तासायचा होता. आरोपी गप्प असला की मार उपयोगी पडतो असे तेव्हा पुष्कळांना वाटे. हा तर बोलायला तयार होता. मी त्याला म्हटले, "तोंडाने सांगू नकोस. इथे उभा राहून जसे घडले तसे करून दाखव."

ठाण्यातले खोके त्याने पेटी मानले. फोनो कसा वाजला, त्याच्यादेखत पेटीला खिळे कसे मारले, पैसे कसे दिले, सारे करून दाखवले. मग खोके जमिनीवर ठेवले, खिडकीकडे वळला, हात जोडले आणि डोळे मिटले.

"हे काय?"

"भाऊच्या धक्क्यावर नारल दिला दर्याला. नवी वस्तू बोटीत घ्याची तं नारल द्यावा लागतो, सायेब. तुमाला न्हाय ठावं?"

"नारळ तू नेला होतास?"

"न्हाय. इकनारा धक्क्यापत्तूर आल्ता, त्येनंच आनला. म्हनला, तुमची रीत मोडाची न्हाय. मना वाटलं, काय देवमानूस हाय!"

"आणि तेव्हा पेटी कुठे होती?"

तो वळला. पाठीमागच्या खोक्याकडे बघत राहिला.

"माज्या पाठीशी," एवढेच बोलला.

मुंबई पोलिसांना कळवले. जाहिरातीतली खोली रिकामी झाली होती, पण तशीच जाहिरात दुसऱ्या पत्त्याने पुन्हा आली. तिथल्या कोळी जातीच्या एका शिपायाला गिऱ्हाईक बनवून पाठवले. मी भाऊच्या धक्क्यावर मासळीच्या टोपल्यांआड बसलो. शिपायाने समुद्राकडे तोंड करून हात जोडले, तशी दोन हमालांनी हातगाडी पुढे लोटली आणि तिच्यावरची हुबेहूब पेटी खाली ठेवून पहिली उचलली. धक्क्यावर हमालाकडे कोण बघतो? तिथेच त्यांना विकणाऱ्यासह धरले. त्या टोळीकडे फोनो एकच होता. सगळ्यांना तोच ऐकवला होता.

फोनो मुद्देमालात गेला. पैशांपैकी थोडेच हाती लागले. पण मेव्हण्याचे नाव साफ करणे माझ्याच्याने होण्यासारखे होते, म्हणून मी स्वतः कोळीवाड्यात जाऊन पंचांसमोर सारे सांगितले. तांडेल मान खाली घालून म्हणाला, "चुकलं माजं." बहीण पंचांच्या निवाड्यासाठी थांबलीच नाही. धावत पुढे आली. "दादूस, चल. घरात चल."

मेव्हणा जाळे विणत बसला होता. त्याने वर पाहिले नाही.

"आज न्हाय, बाय," तो म्हणाला.

पुढे माझी बदली झाली. तो गेला की नाही, मला कळले नाही.

लांबून किमती वस्तू घेताना पैसे कसे द्यावेत, असे पुष्कळांनी मला नंतर विचारले. मी सांगत असे, दोघांच्या विश्वासातल्या तिसऱ्याकडे पैसे ठेवा आणि वस्तू आपल्या घरात पारखून घेतल्यावरच ते सोडा. हा सल्ला चांगला आहे, पण तो पैशापुरता. फसवणारा दूर असतो, हाताला लागत नाही. मग आपण हाताला लागेल त्याला धरतो, आणि तो बहुधा आपलाच असतो. त्याची भरपाई करून देणारे कलम मला कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात सापडले नाही.