मेश्राम साहेबांचा मेलबॉक्स

आकार काही केल्या जुळेना. आदल्या दिवशी कॉपी केलेला मेलबॉक्स सकाळी पाहिला तर मोठा झालेला. मी पुन्हा कॉपी केली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मोठा. एरवी यात नवल नाही. माणूस कामावर असतो, मेल येतात-जातात, बॉक्स फुगतो. पण हा मेलबॉक्स मेश्राम साहेबांचा होता, आणि मेश्राम साहेब मागच्या पावसाळ्यात मेंदूच्या मलेरियाने वारले होते.

आमच्या वन कार्यालयाचा ईमेल क्लाउडवर जात होता. म्हणजे इतकी वर्षं सगळे मेल चंद्रपूरच्या आमच्याच इमारतीतल्या एका सर्व्हरवर साठत होते, ते आता दूरच्या मोठ्या डेटा सेंटरमध्ये न्यायचे होते. सामान हलवायचं म्हटलं की आधी घरात काय काय आहे ते बघावं लागतं. मी तेच करत होते. कामावर असलेल्यांची खाती उचलायची आणि नवीन जागी ठेवायची. रिटायर झालेल्यांची आणि वारलेल्यांची फक्त कॉपी काढायची, ती रेकॉर्ड म्हणून जपायची आणि खातं बंद करायचं. सरकारी मेल हा सरकारी कागदच असतो, तो आपल्या मर्जीने फेकता येत नाही. कॉपी पूर्ण झाली हे सिद्ध कसं करायचं? जुन्या आणि नव्या बॉक्सचा आकार सारखा आला की झालं. आला नाही तर मी सही करत नाही. माझ्या या सवयीवर ऑफिसात बरेच विनोद होतात. होऊ देत.

नागपूरला आमचे सिस्टिम हेड साळवे सर. त्यांना फोन लावला.

"सर, मेश्राम साहेबांचा बॉक्स वाढतोय."

"मॅडम, ते गेले ना?"

"म्हणूनच फोन केला."

सर हसले. "जाहिराती येत असतील. सोडा. शुक्रवारी जुना सर्व्हर बंद करायचाय, एका मेलबॉक्ससाठी मी तारीख पुढे ढकलणार नाही."

"मी उघडून बघू का?"

"दुसऱ्याचा मेल वाचायला लेखी परवानगी लागते, हे तुम्हीच सगळ्यांना शिकवता."

खरं होतं. मी अर्ज टाइप केला, खालच्या मजल्यावर जाऊन डीएफओ साहेबांची, म्हणजे विभागाच्या वन अधिकाऱ्यांची, सही घेतली आणि जागेवर येऊन बॉक्स उघडला. खोलीत सर्व्हर थंड ठेवायला एसी कायम सुरू असतो, तरी मला त्या दिवशी जास्तच गार वाटलं.

न वाचलेला मेल ठळक अक्षरात दिसतो. पडदाभर सगळं ठळक होतं. मी खाली खाली जात राहिले, तरी ठळकच. पाठवणारा एकच, एक कॅमेरा.

कॅमेरा ट्रॅप म्हणजे झाडाला बांधलेली एक लहान डबी. समोरून अंगात ऊब असलेलं काही गेलं की ती आपोआप फोटो काढते, आणि थोड्या वेळाने आणखी एक. काही डब्यांत सिम असतं, वर छोटं सोलर पॅनल असतं, त्या फोटो थेट मेलवर पाठवतात. हा तसलाच होता. मेश्राम साहेब तो कॅमेरा होता त्या रेंजचे आरएफओ, वनपरिक्षेत्र अधिकारी. रेंज ऑफिसचा पदाच्या नावाचा वेगळा मेल होता, पण तो परिपत्रकांनी कायम तुंबलेला, आणि बाबू तो आठवड्यातून एकदा उघडायचा. साहेब उतावळे. वाघाचा फोटो आठवड्याने बघून काय करायचंय? म्हणून त्यांनी कॅमेऱ्यात स्वतःच्या नावाचा मेल घातला. आमच्याकडे निम्मे साहेब हेच करतात. सिमचा रिचार्ज मुख्यालयातून सगळ्यांचा एकत्र व्हायचा, तोही कुणी थांबवला नाही. साहेब गेले आणि कॅमेरा त्यांना फोटो पाठवत राहिला.

मी मधल्याच एका दिवसाचे फोटो उघडले.

पहाटेच्या अंधारात हे कॅमेरे करडे फोटो काढतात. पायवाट, दोन्ही बाजूंना वाळलेला पाला. पहिल्या फोटोत एक बाई होती. डोक्यावर टोपली, नऊवारी वर खोचलेली, नजर समोर. दुसऱ्यात रिकामी वाट. तिसऱ्यात वाघ होता, आणि त्याचं तोंड बाई गेली त्याच दिशेला होतं.

योगायोग असेल म्हणून मी आदल्या दिवशीचे फोटो उघडले. बाई, रिकामी वाट, वाघ. त्याच्या आदल्या दिवशीचे उघडले. तेच. मोहाची फुलं वेचायचा हंगाम सुरू झाल्यापासून रोज तेच. फरक एवढाच होता की सुरुवातीला बाई गेल्यावर बऱ्याच वेळाने वाघ यायचा, मग तो वेळ कमी होत गेला. अलीकडच्या फोटोंतून मधली रिकामी वाट गेलीच. आणि सगळ्यात नवा, त्याच दिवशी पहाटेचा फोटो असा होता: उजव्या काठाला लुगड्याचा पदर आणि डाव्या काठाला वाघाचं डोकं. एकाच फोटोत.

खोटं कशाला सांगू, मी खुर्चीवरून उठले आणि दार उघडून बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिले. तिथे दोन शिपाई चहा पीत बोलत होते. ते बघून बरं वाटलं.

मग रेंज ऑफिसला फोन लावला. फोन वनरक्षक कुळमेथे भाऊंनी उचलला. जंगलाचा तो तुकडा त्यांच्याच राखणीत होता.

"कुळमेथे भाऊ, तुमच्याकडचा सिमचा कॅमेरा कुठे आहे?"

"तो चोरीले गेला मॅडम. साहेबाच्या माघारी नाल्यावर पाहाले गेलो तं नाई. मी रिपोर्ट केला हाय."

"चोरीला नाही गेला. त्याचे फोटो येतायत."

"कोनाले?"

"मेश्राम साहेबांना."

 ते हळूच म्हणाले, "मॅडम, साहेब वारले जी."

"मला माहीत आहे हो." आणि मी फोटोत काय आहे ते सांगितलं.

बाईच्या वर्णनावरून त्यांनी लगेच ओळखलं. शेवंताबाई मडावी. गावापासून सुटं, जंगलाला लागून एकच घर. नवरा नाही, मुलगी मूल या तालुक्याच्या गावी दिलेली. तिकडे मोहाची झाडं घरागणिक ठरलेली असतात. कागदावर कुठे नाही, पण कोणतं झाड कुणाच्या घरचं हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि दुसऱ्याच्या झाडाखाली कुणी फूल वेचत नाही. शेवंताबाईच्या घरचं झाड नाल्याच्या पलीकडे. बाकीच्या बायांची झाडंही तिथेच, पण त्या गावाकडच्या वाटेने मिळून जायच्या. ही आपल्या घरावरून एकटी.

"आत्ताच जा आणि तिला उद्या जाऊ नको म्हणून सांगा," मी म्हटलं.

दुपारी त्यांचा फोन आला. "बाई ऐकून नाई राह्यली मॅडम. म्हन्ते, मले भेव नाई. तुमी फोटो घेऊनच या."

"भीती नाही म्हणजे? वाघ आहे मागे!"

"ते तुमी या, मंग सांगतो."

फोटो मोबाइलवर पाठवावेत तर तिथे फोटो उतरण्याइतकं नेटवर्क नाही. कॅमेऱ्यालाच तेवढं जंगलात कुठून तरी मिळत होतं. डीएफओ साहेबांनी गाडी दिली. मी फोटोंचे प्रिंट काढले, साळवे सरांना एक मेसेज टाकला की शुक्रवारचं बघू, आणि निघाले. मूल गाव मागे पडलं आणि रस्त्याला दोन्ही बाजूंनी जंगल लागलं. वाटेत मला राहून राहून एकच विचार येत होता. साळवे सरांचं ऐकून मी खातं बंद केलं असतं, तरी फोटो निघतच राहिले असते. फक्त कुठेच पोचले नसते.

कुळमेथे भाऊ फाट्यावर उभे होते. गाडीत बसले, पण ड्रायव्हरसमोर बोलेनात. घराच्या अलीकडे उतरून चालायला लागल्यावर म्हणाले, "मॅडम, मेश्राम साहेब मोहाच्या दिवसात सकाळी बायांच्या मागं मागं चालत जायचे. काठी घेऊन. कोनी सांगतलं नोतं त्याइले. बायांच्या संग नाई, मागं. तिच्या वाटेनं तं रोज."

"बरं."

"तं ती म्हन्ते, साहेब अजून येते."

अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती. त्यांचा गोडसर उग्र वास अंगावर आला. शेवंताबाई साठीच्या पुढची, बारीक, ताठ. तिने बाज पुढे केली, पाणी दिलं. मी प्रिंट पदराखाली धरून बसले. दाखवायची घाई होती, आणि दाखवू नये असंही वाटत होतं.

"बाई, सकाळी तुमच्या मागे कोण चालतं?"

"साहेब," ती सहज म्हणाली. "पानावर पाय वाजते ना. मी थांबली का थांबते. चालली का चालते."

"तुम्ही वळून बघितलं नाही कधी?"

"मेलेल्या मानसाले वळून पाहाचं नसते बाई. पाह्यलं का तो जाते." मग माझ्याकडे बघून हसली. "जित्तेपनी बी साहेब बोलत नोते. नुस्ते मागं राहायचे. मले आता भेव नाई लागत. पह्यले लागे."

कुळमेथे भाऊ जमिनीकडे बघत होते. 'मी थांबली का थांबते' हे माझ्या डोक्यातून जाईना. मी प्रिंट काढले आणि एकेक तिच्या हातात दिला. त्या दिवशी पहाटेचा वर ठेवला नाही, तो शेवटी दिला.

तिने स्वतःला ओळखलं. टोपली ओळखली. मग तो शेवटचा फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, उजेडाकडे फिरवला. मला वाटलं ती किंचाळेल. ती किंचाळली नाही. तिने फोटोच्या मधल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं, आपला पदर आणि वाघाचं डोकं यांच्या मध्ये, आणि विचारलं, "इथी साहेब नाई?"

"नाही."

"फोटोत येत नसन."

"बाई, तिथे कुणी नाही. वाघच आहे. रोज तोच होता."

तिने फोटो मांडीवर पालथा ठेवला. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते भीतीचं नव्हतं हे मला लगेच कळलं. "म्हन्जे साहेब गेलेच," ती म्हणाली.

ते पावसाळ्यात गेले होते. तिच्यासाठी ते त्या दिवशी गेले, आणि ती बातमी मी दिली. मला तेव्हा स्वतःचा फार राग आला, आणि आजही मी दुसरं काय केलं असतं ते मला सुचत नाही.

दुसऱ्या दिवसापासून कुळमेथे भाऊ आणि आणखी दोन वनरक्षक तिला गावच्या वाटेने बायांबरोबर नेऊ लागले. कॅमेरा तिच्या वाटेवरच्या एका सागाला सापडला, वेलीने अर्धा झाकलेला. साहेबांनी तो मागच्या हंगामात नाल्यावरून काढून तिथे आणून बांधला होता आणि नोंद करायची राहून गेली होती. म्हणून चोरीची तक्रार. वाघ नव्हता, वाघीण होती. नाल्याच्या कपारीत तिची पिल्लं निघाली. ती बाईला पिल्लांपासून लांब घालवून देत होती का आणखी कशासाठी मागे येत होती, यावर आमच्या ऑफिसात बरीच चर्चा झाली. खरं कुणालाच माहीत नाही. कुळमेथे भाऊ एवढंच म्हणाले, "बाई पळाली नाई, म्हनून वाचली." आणि ती का पळाली नाही, ते आम्हाला दोघांनाच माहीत होतं.

कॅमेऱ्यातला पत्ता बदलला आणि आता फोटो रेंजच्या पदाच्या मेलवर येतात. तो मेल रोज सकाळी उघडायचा असा लेखी आदेश निघाला. त्याच रात्री मेश्राम साहेबांचा बॉक्स वाढायचा थांबला. सकाळी जुना आणि नवा आकार सारखा आला. मी सही केली, साळवे सरांनी सर्व्हर ठरल्या दिवशीच बंद केला. तेव्हापासून मी नवीन भरतीच्या प्रत्येकाला सांगते: सरकारी काम पदाच्या मेलवर करा, स्वतःच्या नावाच्या नाही. पदावर दुसरा माणूस येतो.

यंदाच्या मोहाच्या दिवसांत कुळमेथे भाऊंचा सहज फोन आला होता. वाघीण पिल्लं घेऊन कधीच दुसरीकडे गेली आहे, त्या वाटेवर आता काही नाही. मी शेवंताबाईची चौकशी केली.

"जाते जी, बायाइच्या संग जाते," ते म्हणाले. "पन आता दर चार पावलाले मागं वळून पाह्यते."

"वाघीण गेली हे सांगितलंत ना तिला?"

"सांगतलं. ती वाघिनीले नाई पाहात, मॅडम."