जोडीदाराची जागा

लोहाऱ्याच्या स्टँडवर आबा एसटीपाशी आलेच नाहीत. रस्त्याच्या पलीकडं, सायकलच्या दुकानाच्या सावलीला उभे राहिले, डावा हात धोतराच्या सोग्यात लपवून. माय मात्र खिडकीला धरून होती. तिनं भाकरीचं गाठोडं दिलं, शेंगाची चटणी दिली, आणि जपानात पाणी आडाचं असतं का बोअरचं, हे तिसऱ्यांदा विचारलं. मला काय डोंबल माहीत! मी तोवर सोलापूरच्या पुढं गेलेलो नव्हतो. शेजारी माझा वर्गमित्र दत्तू दोघांच्या हलग्या पोत्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसलेला. कंडक्टरनं घंटी मारली तसे आबा रस्ता ओलांडून आले, खिडकीपाशी थांबले आणि एवढंच म्हणाले, "कुणी वाजव म्हणलं म्हणून वाजवू नको. तुला वाटलं तरच वाजव."

तुमच्यातले जे वस्तीतच राहिले त्यांना हे वाक्य आपसूक कळेल. जे पुण्याला, भिवंडीला, सुरतेला गेले त्यांच्या पोरांना मात्र सांगावं लागेल. माझ्या जन्माआधी आमच्या वस्तीनं बुद्धाची दीक्षा घेतली, आणि त्याच आठवड्यात ओढ्याच्या काठाला सगळ्या हलग्या जाळल्या. तोवर गावातलं लग्न असो, मयत असो, पाटलाचा बैल असो, हुकूम आला की आबांनी वाजवायचं. त्यांच्यासारखा वाजवणारा पंचक्रोशीत नव्हता म्हणतात. जाळासमोर उभं राहून पाच जणांनी शपथ घेतली की या हातांनी पुन्हा ठेका धरायचा नाही. त्या वर्षी गावानं वस्तीला काम दिलं नाही, गिरणीत दळण घेतलं नाही. लोकांनी ज्वारी उकडून खाल्ली, पण शपथ मोडली नाही. मी पोटात नव्हतो तेव्हाची ही गोष्ट, आणि माझं नाव गौतम ठेवलं ते त्याच जोरावर.

आणि त्याच घरातलं पोरगं हलगी शिकलं. दत्तूच्या मातंग वस्तीत, त्याच्या आज्याच्या हाताखाली, चोरून. आबांना कळलं तेव्हा वाटलं आता आपली सालटी निघणार. ते नुसते म्हणाले, "तू वाजव. तू तुझ्या मनानं वाजवतूस. आमाला वाजवाय लावत व्हते. पर ती घरात आणू नको." मी कधी आणली नाही.

दत्तूच्या आज्याचा एक नेम होता. हलगी जोडीनं वाजते. एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं जवाब द्यायचा. जोडीदार आजारी असला, परगावी गेला, तर एकट्यानं वाजवताना त्याच्या जवाबाची जागा मोकळी सोडायची, तेवढा वेळ हात वर धरायचा. जोडीदार मेला, की मात्र जागा सोडायची नाही, दोन्हीकडचं आपणच वाजवून टाकायचं. का, असं विचारलं तर म्हातारा डोळे वटारायचा. "मोकळी जागा दिसली की येणारा येतो. येड्या, मेलेल्याला कशाला बलावतूस?" आम्ही हसायचो.

पुढं कारखान्याच्या मोळीच्या पूजेला आम्ही दोघांनी वाजवलं. दुष्काळामुळं ऊस असा होता की काडीपैलवान बरा, पण सहकाराचा कारखाना, पूजा थाटातच झाली. पाहुण्यांत कला खात्याच्या एक बाई होत्या. त्यांनी नावं लिहून नेली. पुढाऱ्यानं लिहून नेलेल्या नावांचं काय होतं ते आपल्याला माहीतच आहे, म्हणून आम्ही विसरून गेलो. वर्षभरानं खरंच कागद आला. तीन महिने जपानात, तिथल्या तरुण तायको वादकांबरोबर राहायचं, शिकायचं, शिकवायचं, शेवटी एकत्र कार्यक्रम करायचा. तायको म्हणजे त्यांचा नगारा, दोघांच्या मिठीत मावणार नाही एवढा.

ते सहा जण होते, आमच्याच वयाचे. त्यांचे गुरुजी मोरी-सान, सत्तरीचे, वाळक्या शेंगेसारखे. सगळे डोंगरातल्या एका बंद पडलेल्या शाळेत राहायचे. शाळा बंद का, तर गावात पोरंच नव्हती. घरं रांगेनं उभी, दारं नीट लावलेली, अंगणातली झाडं छाटलेली, आणि माणसं बोटावर मोजण्याइतकी, सगळी म्हातारी. शाळेच्या दारात लाकडी फळ्यांवर पोरांचे बूट अजून ठेवलेले होते, एकेका बुटाखाली नाव. कुणी तरी त्यांच्यावरची धूळ पुसत होतं. मला त्या बुटांची भीती वाटायची, खोटं कशाला सांगू. आमच्याकडं गाव ओस पडलेलं मी पाहिलं होतं. बहात्तर साली मी दहा वर्षांचा, लाल मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन खडीच्या कामावर पाणी वाहिलेलं आहे, त्याच कामावर घणाखाली आबांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. पण तिथं गाव उठलं ते पाण्यासाठी. इथं दारातून खळखळ पाणी वाहत होतं, आणि तरी माणूस नव्हतं. असलं ओसपण मला समजेना.

दत्तूला थंडी बाधली. महिन्यात त्याला असा ताप भरला की डॉक्टरनं परत पाठवा म्हणून सांगितलं. जाताना तो रडला नाही, मी रडलो. मग मी एकटा. फुतोन नावाच्या गादीवर झोपायचं, मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, पाणी प्यायचं, सकाळी दहाला रॉकेलच्या शेगडीवर हलगी शेकवून ताणायची, आणि वर्गात त्या सहा जणांसमोर वाजवायचं. त्यांना आमचा सवाल-जवाब फार आवडायचा. आता जवाब द्यायला कुणी नव्हतं. दत्तू जिवंत होता, परगावी होता. नेमाप्रमाणं मी त्याची जागा मोकळी सोडू लागलो.

तिसऱ्या की चौथ्या सकाळी जवाब आला.

सुरुवातीला वाटलं, डोंगराचा पडसाद. पण पडसाद आपलंच आपल्याला परत देतो. मी सवाल टाकत होतो आणि येत होता तो जवाब, मी न वाजवलेला, बाहेर बर्फाच्या बाजूनं, लांबून, पत्र्यावर काठी पडावी तसा. आणि तो लंगडत होता. उजव्या हाताचा ठोका खणखणीत, डाव्या हाताची बारीक काडी मात्र दर वेळी किंचित मागं पडायची. दत्तूचा डावा हात माझ्याहून चलाख. हा दत्तू नव्हता. मी थांबलो. सहाही पोरं खिडकीकडं बघत होती, म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं. त्यांतली हारुको पांढरी पडली होती. मोरी-सान तेवढे शांत बसलेले. त्यांनी आपला डावा हात वर केला, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटलं, आणि मला दाखवलं.

आबांची हीच दोन बोटं गेलेली. मी तिथं कुणालाही सांगितलं नव्हतं, सांगायला भाषाच नव्हती.

दत्तूच्या आज्याचं वाक्य डोक्यात घण घालू लागलं. मोकळी जागा दिसली की येणारा येतो, आणि येणारा म्हणजे मेलेला. म्हणजे आबा गेले. गावात फोन नाही, पत्राला तीन आठवडे. माझं इंग्रजी दहावीच्या गाईडातलं, हारुकोचंही तसंच, म्हणून आमचं जमायचं. तिला म्हणालो, मला घरी जायचंय, माझे वडील वारले. तिनं विचारलं, कुणी कळवलं? धाकट्या बहिणीला, छबूला पत्र टाकलं. आबा कसे आहेत तेवढंच लिही, बाकीचं राहू दे.

पत्राची वाट बघत होतो ते दिवस मला कुणाला नीट सांगता आलेले नाहीत. शहाण्यानं हलगी टांगून ठेवली असती. मी रोज वाजवली. रोज जागा सोडली. भीतीनं मानेवरचे केस उभे राहायचे आणि तरी हात वर धरून मी वाट बघायचो, कारण आबा गेले असतील तर एवढेच उरले होते, आणि ज्या बापानं माझ्यासमोर जन्मात ठेका धरला नाही तो माझ्याबरोबर वाजवत होता. काय वाजवायचे! दत्तूचा आजा त्यांच्यापुढं पाणी भरेल. मोरी-सान वर्ग सुरू व्हायच्या आधी त्या बाजूची खिडकी उघडून ठेवायचे, बर्फ आत आला तरी.

छबूचं पत्र आलं. आबा ठणठणीत आहेत, खोकलासुद्धा नाही. मी ते वाचून शाळेच्या पायरीवर बसलो आणि हमसून हमसून रडलो. खाली तिनं जाता जाता लिहिलं होतं, 'आबा अलीकडं रोज उजाडताना घमेलं घेऊन कोरड्या ओढ्यात जातात. शेण गोळा करायला म्हणतात, पण घमेलं रिकामंच परत येतं. माय काळजीत आहे.' आमचे दहा वाजतात तेव्हा तिकडं साडेसहा झालेले असतात, एवढा हिशेब मला येत होता.

मग काय, मला पंखच फुटले. माणूस जिवंत आहे म्हटल्यावर भीती अर्धी झाली, राहिलेली अर्धी गोड लागू लागली. मी नवे नवे अवघड सवाल टाकायचो, आबांना पेचात पकडायला बघायचो, ते हसत हसत सोडवायचे. हसणं ऐकू येत नव्हतं, पण मला कळायचं. कार्यक्रमाच्या दिवशीसुद्धा मी भरल्या सभागृहात जागा सोडली आणि ती भरली गेली. लोकांना वाटलं पडद्यामागं कुणीतरी बसलंय. असली चैन मी पुन्हा केली नाही. पलीकडं काय चाललंय याचा विचार मनात आला नाही, हा माझा करंटेपणा.

तीन महिने संपले आणि मी गावी गेलो. आबा वाळले होते. वस्तीत त्यांच्याशी कुणी मोकळं बोलत नव्हतं. शपथ घेतलेल्या पाचांतले दोघंच उरले होते, आबा आणि केरबातात्या. तात्यांनी एका सकाळी ओढ्यात येऊन आबांना पालथ्या घमेल्यावर वाजवताना पाहिलं होतं. म्हणाले, "तुज्यासंगं म्या बी जाळापुढं हुबा व्हतो," आणि त्या दिवसापासून आबांच्या हातचं पाणी घेत नव्हते. तीस वर्षांची सोबत त्यांची. उपाशी राहून जपलेली गोष्ट माझ्या आबांनी पोरखेळासाठी मोडली, असं सगळ्यांना वाटत होतं.

आबांनी मला ओढ्यात नेलं, तिथल्या खडकावर बसवलं.

"उजाडलं की आवाज यायचा," ते म्हणाले. "आधी वाटलं कारखान्याकडून येतोय. मग ध्यानात आलं, अर्धंच वाजतंय. अर्धं ऐकून मान्सानं काय करावं? म्या कानात बोळं घातलं, तरी यायचं. कोन तरी माजी वाट बगत हात वर धरून हाय, आसं वाटायचं."

"मीच होतो, आबा. मी दत्तूची जागा सोडली होती."

"ठावं हाय मला. तुजा हात वळखीन की." त्यांनी डावा हात पुन्हा सोग्यात घातला. "गौतम, शपथ मोडायची माजी हिंमत न्हाय. आन तुजी जागा मोकळी ठिवायची बी न्हाय. तवा तूच सोडू नको. मला त्यात वढू नको, बाबा."

मी त्यांच्या पायाशी बसून शब्द दिला. त्यांनी ती तीन बोटं माझ्या डोक्यावर ठेवली. केरबातात्या पुढं बोलू लागले, पण वर्ष गेलं त्याला.

मोरी-साननी मला परत बोलावून घेतलं, तो तिथंच राहिलो. हारुकोशी लग्न झालं, पोरं झाली, बंद शाळेत आता आमच्याकडं लांबून मुलं शिकायला येतात. रोज सकाळी दहाला वाजवतो. सवालही मीच, जवाबही मीच, मध्ये तसूभर फट नाही. आबा गेले तेव्हा तार उशिरा पोचली, माती मला मिळाली नाही. त्या दिवशीही मी दोन्हीकडचं वाजवलं. नेम तसाच आहे.

छबू दर पत्रात विचारते, घरी कधी येणार. दत्तू म्हणतो, आता कसली शपथ, आबा तर सुटले. एकदा सोड की जागा, बघ तरी. हारुकोलाही तो जवाब पुन्हा ऐकायचा असतो, पण ती विचारत नाही. मी सोडत नाही. जवाब आला, तर मेल्यावरसुद्धा बापाला मी शपथ मोडायला लावली असं होईल. आणि नाही आला, तर मला गाव म्हणून काही उरणार नाही. त्या जागेपाशी आलो की माझे हात जरा घाई करतात. घर कुठं म्हणून विचाराल तर माझं तेवढंच आहे, आणि रोज मी ते वाजवून बुजवतो.